आठ स्क्रू, चार दिवसांत: कंबरेच्या मणक्याच्या एका शस्त्रक्रियेचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ५८ वर्षांच्या, बार्शी तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या बाई. वजन ६४ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, सहा वर्षांपासून रक्तदाब. तक्रार चौदा महिन्यांची: चालायला लागल्यावर पाच मिनिटांत दोन्ही पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जड पडतात, गोळे येतात, मुंग्या येतात. बांधावर दोन मिनिटे बसले की पाय मोकळे होतात आणि पुन्हा तेवढेच चालता येते. वाकून खुरपणी मात्र तासभर जमते. कंबर सकाळी आखडलेली असते, दुपारपर्यंत सैल होते. रात्री तळपायांची आग होते.

एमआरआय झाला. अहवालात तीन जागी दोष लिहिलेला होता (एल म्हणजे वरून खाली मोजलेले कंबरेचे मणके, एस-१ म्हणजे त्यांच्याखालच्या त्रिकोणी हाडाचा पहिला भाग, गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती): एल-३-४ ला गादी फुगलेली, एल-४-५ ला मज्जानलिका, म्हणजे मणक्यांतली नसांची नळी, खूप अरुंद आणि एल-४ मणका पुढे सरकलेला, एल-५-एस-१ ला गादी सुकलेली. पहिल्या रुग्णालयात सल्ला मिळाला की एल-३ पासून एस-१ पर्यंत मणके स्क्रूने जोडावे लागतील, म्हणजे चार मणक्यांत आठ स्क्रू. चार दिवसांनी दाखल व्हा, उशीर केला तर पाय जातील, असेही सांगितले गेले. कुटुंबाने दुसरे मत घेतले आणि शस्त्रक्रिया अकरा आठवड्यांनी, एकाच जागी, एकही स्क्रू न घालता झाली. निर्णय का बदलला आणि मधल्या आठवड्यांत काय केले, हाच या लेखाचा विषय आहे.

हे प्रकरण एकाच घरातले नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका बाईंच्या प्रवासात गुंफल्या आहेत. औषधे थांबवण्याचे दिवस आणि शस्त्रक्रियेचे टप्पे मात्र प्रत्यक्ष व्यवहारातलेच आहेत.

आधी पाय की कंबर ते ठरवा

मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: दबलेली नस मोकळी करणे शस्त्रक्रियेला चांगले जमते, दुखरी कंबर बरी करणे तिला फारसे जमत नाही. नस दबल्याचा त्रास पायात जाणवतो. म्हणून ‘किती दुखते’ यापेक्षा ‘कुठे दुखते’ हा प्रश्न मोठा आहे. शंभरातला किती त्रास पायात आणि किती कंबरेत, असे विचारल्यावर बाईंनी ऐंशी पायात आणि वीस कंबरेत सांगितला. हे उत्तर शस्त्रक्रियेच्या बाजूचे होते. उलट असते, तर गोष्ट तिथेच थांबवून व्यायाम आणि औषधांकडे वळणे बरे झाले असते.

पायाचा त्रास नक्की मणक्यातूनच येतो का, हा त्यापुढचा प्रश्न. चालताना पाय भरून येण्याची दोन मोठी कारणे आहेत. पायाची रक्तवाहिनी चोंदली असेल तर नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, पुढे वाकण्याची गरज लागत नाही. मज्जानलिका अरुंद असेल तर उभे राहून आराम मिळत नाही, बसावे किंवा वाकावे लागते, कारण वाकल्यावर नळीत थोडी जागा होते. खुरपणी जमते पण बांधावरून ताठ चालता येत नाही, याचे कारण तेच. बाईंच्या पावलांवरच्या नाड्या दोन्हीकडे नीट लागत होत्या. मधुमेही माणसाच्या बाबतीत ही तपासणी वगळणे म्हणजे चुकीच्या रोगावर शस्त्रक्रिया करण्याचा धोका पत्करणे. एका मिनिटाचे काम आहे, झाले नसेल तर रुग्णाने स्वतःहून विचारावे.

तळपायांची आग हा तिसराच प्रकार होता. दोन्ही पावलांत सारखी, मोजा घातल्यासारखी, रात्री वाढणारी आग मधुमेहाने नसा खराब झाल्याची खूण असते. त्यात मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होते आणि त्यानेही पायांत मुंग्या येतात. बाईंचे बी-१२ तपासले तर १६० पिकोग्रॅम निघाले, म्हणजे कमीच. मणका कितीही मोकळा केला तरी ही आग जाणार नव्हती. शस्त्रक्रियेआधी हे कोणी सांगितले नाही, तर सहा महिन्यांनी तीच आग ‘फसलेल्या ऑपरेशन’चा पुरावा ठरते.

हातांची तपासणीही झाली. साडीला पिन लावता येते का, हातातली भांडी निसटतात का, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो का. कंबरेची नळी अरुंद असलेल्या काहींची मानेतली नळीही अरुंद असते. तसे असेल तर कंबरेपेक्षा मान आधी पाहावी लागते आणि भूल देताना मान मागे झुकवणेही धोक्याचे ठरते. बाईंच्या बाबतीत मान ठीक होती.

एमआरआयमध्ये दिसते ते सगळेच दुखत नाही

अहवालात तीन जागा होत्या म्हणून तीन जागी शस्त्रक्रिया, हा हिशेब सरळ वाटतो पण चुकीचा आहे. ज्यांना पाठीचा कसलाही त्रास नाही अशा माणसांचे एमआरआय आणि सीटी पाहून काढलेले आकडे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आसपासच्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांत सुमारे ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. विशीतही झीज ३७ टक्क्यांत होती. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून माणसे घाबरतात, वजन उचलणे सोडतात, पट्टा बांधून वर्षभर झोपून राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोटोत वयाच्या खुणांपलीकडे काही नसते.

फोटोतला दोष, पायातल्या तक्रारीची जागा आणि अंगावर हाताने केलेली तपासणी या तीन गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवत असतील तरच ती जागा शस्त्रक्रियेची. एल-५ ची नस दबली तर पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. एस-१ दबली तर चवड्यावर उभे राहणे जड जाते आणि टाचेवरचा झटका मंदावतो. एल-४ साठी गुडघ्याचा झटका पाहतात. बाईंचा उजवा अंगठा किंचित कमजोर होता, चवडे आणि गुडघे ठीक होते. सगळे पुरावे एल-४-५ कडे जात होते. वरची आणि खालची जागा फोटोत वाईट दिसत होती, पण तिथून काही त्रास येतो असे दाखवणारे काहीच सापडले नाही.

स्क्रू कधी लागतात

मणका सरकलेला आहे, मग तो जोडायलाच हवा, असा सर्जनांचाही अनेक वर्षे समज होता. पन्नाशीनंतर बायकांमध्ये एल-४ चा मणका एल-५ वर थोडा पुढे येणे फार आढळते. २५ टक्क्यांपर्यंत सरकला तर पहिली श्रेणी. बाईंची पहिलीच होती, साधारण पाच मिलिमीटर.

पाहायचे असते ते हे की मणका हलतो का. एमआरआय झोपवून काढतात, त्यात हे कळत नाही. त्यासाठी उभे राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून साधे एक्स-रे काढावे लागतात. स्वस्त, पाच मिनिटांचे काम, आणि बाईंच्या पहिल्या फायलीत नेमके तेच नव्हते. काढल्यावर दिसले की पुढे-मागे होताना मणका जेमतेम दीड मिलिमीटर हलतो. चार मिलिमीटर किंवा दहा अंशांहून जास्त हालचाल असेल तर त्याला सहसा अस्थिर मानतात.

स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) नुसती नळी मोकळी केलेल्यांची आणि सोबत मणके जोडलेल्यांची तुलना झाली. दोन आणि पाच वर्षांनी रुग्णांच्या त्रासात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. जोडणीच्या गटात वेळ, रक्तस्राव आणि खर्च मात्र जास्त होता. नॉर्वेतल्या, मणका सरकलेल्या २६७ रुग्णांच्या अभ्यासातही (२०२१) नुसती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया कमी पडली नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात (२०१६) नुसती नळी मोकळी केलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना पुढच्या काही वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली, जोडणी केलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. म्हणजे स्क्रू कधीच नकोत असे नाही. मणका खूप हलत असेल, पाठीला बाक आला असेल, नस बाजूच्या छिद्रात चिमटली असेल आणि ती मोकळी करताना सांधाच काढावा लागणार असेल, तर जोडणी हवीच. पण कारण नाव घेऊन सांगता आले पाहिजे. ‘सोबत करून टाकू, पुन्हा नको’ हे कारण नव्हे. जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण वाढतो आणि काही वर्षांनी तेच झिजून पुन्हा टेबलावर जावे लागलेले रुग्ण कमी नाहीत.

‘उशीर केला तर पाय जातील’ या वाक्याचाही निकाल इथेच लावू. नळी अरुंद होण्याचा आजार बहुतेकांत वर्षानुवर्षे सावकाश चालतो, अचानक लुळेपणा क्वचित येतो. घाई खरोखर लागते ती या वेळी: लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, जिथे आपण बसतो त्या भागाला स्पर्श कळेनासा झाला, शौचावरचा ताबा सुटला, किंवा पायाची ताकद दिवसागणिक कमी होऊ लागली. तेव्हा दुसरे मत घेत फिरू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, कारण एक-दोन दिवसांच्या उशिराने लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारी पाठदुखी असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी वगळावा. त्यावर मुख्य उपचार औषधांचा असतो. बाईंना यातले काही नव्हते, म्हणून तयारीला वेळ होता.

गादी सटकून एकाच पायात कळ जाणाऱ्या तरुण रुग्णांचा हिशेब थोडा वेगळा. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात (२००७) लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ वाट पाहणाऱ्यांपेक्षा लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया लागली. म्हणजे तिथे प्रश्न असतो तो आणखी किती आठवडे सोसवेल याचा.

पहिल्या फायलीत जे नव्हते

दुसऱ्या रुग्णालयात रक्त-लघवीच्या तपासण्या नीट झाल्या आणि चार दिवसांत शस्त्रक्रिया झाली असती तर काय झाले असते ते कळले. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी ९.६. हिमोग्लोबिन ९.८. लघवीत जंतुसंसर्ग, बाईंना त्याचा काहीच त्रास नव्हता. आणि सगळ्यात गंभीर बाब एका प्रश्नातून बाहेर आली. ‘मावशी, डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय काही घेता का? बाजारातली पुडी, चूर्ण, काढा?’ असे विचारल्यावर थोरल्या सुनेने सांगितले की आठ महिन्यांपासून आठवडी बाजारातून आणलेल्या सांधेदुखीच्या पुड्या चालू आहेत आणि त्याने ‘लगेच फरक पडतो’.

लगेच फरक पाडणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. महिनोन्‌महिने घेतले की शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावते. मग भुलेच्या आणि शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराला जास्तीचे स्टेरॉइड हवे असते तेव्हा ते नसते आणि रक्तदाब कोसळतो. सकाळी आठचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तपासले तर २.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे फार कमी. अशा माणसाने पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांनी ठरलेल्या मात्रेची गोळी सुरू केली आणि शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे ठरवले.

स्टेरॉइडने हाडेही विरळ होतात. हाडांची घनता मोजली तर टी-स्कोअर उणे २.७ आला, म्हणजे हाडे ठिसूळ. अशा हाडात घातलेले स्क्रू सैल पडतात, उपटले जातात. आठ स्क्रूंच्या सल्ल्याआधी ही तपासणी झाली नव्हती याचे फार वाईट वाटते, कारण स्क्रू बसवण्याआधी हाड तपासणे ही पहिली पायरी आहे. पुड्या, काढे, ‘शक्तीची इंजेक्शने’ याबद्दल रुग्ण लाजून बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. दोघांपैकी एकाने तरी तोंड उघडावे.

अकरा आठवडे

साखरेसाठी आहार बदलला आणि रात्रीचे इन्सुलिन सुरू झाले. रोज सकाळची साखर वहीत लिहिली. वही महत्त्वाची, कारण लोहाची कमतरता असताना आणि लोह सुरू केल्यावर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो. अकराव्या आठवड्यात तो ७.७ वर आला. आठच्या खाली असावा हे बहुतेक ठिकाणचे लक्ष्य असते. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, जखम भरत नाही. मणक्याची जखम खोल असते, तिथला जंतुसंसर्ग म्हणजे पुन्हा टेबलावर जाऊन धुणे आणि आठवडेच्या आठवडे शिरेतून प्रतिजैविके.

हिमोग्लोबिनसाठी लोह आणि बी-१२ ची इंजेक्शने. आठ आठवड्यांत ११.६ झाले. ऐनवेळी रक्ताच्या बाटल्या चढवून आकडा भरून काढणे ही तयारी नव्हे. रक्त चढवण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. लघवीचा संसर्ग औषधाने बरा करून पुन्हा तपासला. दुखरी दाढ आणि पाठीवरची पुटकुळी याच नजरेने पाहावी.

मिश्री बाई दिवसातून तीनदा लावत. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून आपल्याला व्यसन नाही, असे ग्रामीण भागात बायका मनापासून मानतात आणि अर्जावर ‘तंबाखू: नाही’ असे लिहून देतात. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात उतरते, लहान रक्तवाहिन्या आकसवते, जखम आणि हाड दोन्ही भरू देत नाही. किमान चार आठवडे आधी आणि नंतर तीन महिने बंद. मणके जोडायचे असतील तर ही अट आणखी कडक. बाईंना पहिला आठवडा फार जड गेला. बडीशेप आणि साधी मंजन पावडर हाताशी ठेवणे, आणि घरात दुसऱ्या कोणीही त्यांच्यासमोर मिश्री न भाजणे, याने निभावले.

औषधांचे वेळापत्रक लेखी हवे. अ‍ॅस्पिरिन ७५ कोणी तरी सहा वर्षांपूर्वी सुरू केले होते. हृदयात स्टेंट नाही, झटका किंवा पक्षाघात झालेला नाही, याची फिजिशियनने खात्री केली आणि गोळी सात दिवस आधी थांबवली. रक्त गोठू न देणाऱ्या इतर गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस, वॉरफरिन पाच दिवस आणि मग आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहून, रिव्हारोक्साबान किंवा अ‍ॅपिक्साबान साधारण तीन दिवस, असा प्रघात आहे. पण स्टेंट असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करू नये, स्टेंट बंद पडून जीव जाऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या साखरेच्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठते. ही गोळी आता गावोगावी दिली जाते आणि हे थांबवणे हमखास विसरले जाते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्याच गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी नाहीत. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून नाही. लसूण कॅप्सूल आणि माशाचे तेलही आठवडाभर आधी बंद करणे बरे.

मध्यंतरी कुणीतरी कंबरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले. शस्त्रक्रिया महिनाभरात ठरलेली असेल तर ते टाळावे. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस भडकते.

घराची तयारीही याच काळात झाली. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणली. जमिनीवरची गादी गेली, लोखंडी कॉट आली, उंची अशी की बसल्यावर गुडघे काटकोनात राहतील. पीठ-मीठ, गॅस, औषधे कमरेच्या उंचीवर आली. आणि एक सराव: कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवायचे, पाय कॉटवरून खाली सोडायचे, हाताने रेटून उठायचे. हे शस्त्रक्रियेनंतर टाके ओढत असताना शिकता येत नाही.

संमती आणि पैसे

संमतीपत्र मराठीत मागितले आणि आदल्या दिवशी घरी नेऊन वाचले. त्यात सर्जनने हाताने दोन ओळी लिहिल्या: ‘चालताना पाय भरून येणे कमी होईल. कंबरेचा आखडलेपणा आणि तळपायांची आग राहील.’ प्रत्येक रुग्णाने सर्जनकडून या दोन ओळी लिहून घ्याव्यात. त्या लिहिता येत नसतील तर शस्त्रक्रिया अजून ठरलेली नाही, असे समजायला हरकत नाही.

छापील पत्रात ‘गरज वाटल्यास अन्य शस्त्रक्रिया’ असे वाक्य असते. ते खोडून ‘मणका अस्थिर आढळल्यास एल-४-५ ला चार स्क्रू’ एवढेच ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की जिवावरचा प्रसंग नसेल तर एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही.

खर्चाचे लेखी अंदाजपत्रक मागताना स्क्रूंची संख्या, कंपनी, ऑपरेशन थिएटरचा दर, नसांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचे शुल्क आणि अतिदक्षता विभागाचे दिवस वेगवेगळे लिहून घ्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी दीड लाखापर्यंत संरक्षण होते, आता ते कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे पूर्वमंजुरीची चौकशी आधी करावी. योजनेत बसलेल्या शस्त्रक्रियेसाठी इम्प्लांटचे वेगळे पैसे मागितले तर त्याच्याकडेच तक्रार नोंदवावी. खासगी विमा असेल तर ‘ठरावीक आजारांची प्रतीक्षा’ हे पान वाचा. गादी सरकणे आणि मणक्याचे आजार त्यात बहुधा असतात आणि मुदत दोन वर्षांची, कधी तीनची असते.

टेबलावर

आदल्या रात्री आणि सकाळी क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने आंघोळ. पाठीचे केस घरी वस्तऱ्याने काढायचे नाहीत, वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. गरज असेल तर थिएटरमध्ये यंत्राने कापतात. जेवण सहा तास आधी बंद, तळलेले असेल तर आठ तास, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. मंगळसूत्र, नथ, काचेच्या बांगड्या, जोडवी घरीच काढली. पालथे झोपवल्यावर काच रुतते, धातूजवळ विद्युत उपकरणाने भाजू शकते. जोडवी वर्षानुवर्षे बोटात रुतलेली असतात, ती दोन दिवस आधी साबण लावून सोडवावीत, नाहीतर थिएटरच्या दारात कापावी लागतात. मंगळसूत्राऐवजी बाईंनी मनगटाला साधा दोरा बांधला, त्याला कोणी हरकत घेतली नाही.

बाई जाग्या असतानाच पाठीवर खूण झाली आणि त्यांच्याच तोंडून नाव आणि ‘पायासाठी, कंबरेत एका जागी’ हे वदवून घेतले. चीर देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविक शिरेतून दिले. पालथे झोपवताना पोट मोकळे लोंबेल अशा उशा लावल्या, कारण पोट दाबले गेले की मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जाते. डोळ्यांवर दाब नाही हे पाहिले. मग टेबलावरच्या एक्स-रे यंत्राने खालून वर मणके मोजून जागा नक्की केली. काही माणसांचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला अर्धवट चिकटलेला असतो, तेव्हा मोजणी एकाने चुकते. चुकीच्या जागी शस्त्रक्रिया होण्याचे ते एक नेहमीचे कारण.

चार सेंटिमीटरची चीर. एल-४ च्या कमानीचा खालचा आणि एल-५ चा वरचा काठ कोरून जाडावलेला पिवळा अस्थिबंध काढला. बाजूचे सांधे अर्ध्याहून जास्त शाबूत ठेवले, तेच काढले असते तर मणका खरोखरच अस्थिर झाला असता. हा बंध जुनाट आजारात मज्जेच्या आवरणाला चिकटतो. सोडवताना आवरणाला तीन मिलिमीटरची चीर गेली आणि आतले नसांभोवतीचे पाणी झिरपले. ती तिथेच बारीक धाग्याने शिवली. शस्त्रक्रियेला एक तास चाळीस मिनिटे लागली, रक्त सुमारे १२० मिलिलिटर गेले.

आवरण फाटणे ही या शस्त्रक्रियेतली माहीत असलेली अडचण आहे, वयस्कांत आणि दुसऱ्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत जास्त. लगेच शिवले तर सहसा पुढे त्रास राहत नाही. बाईंना चोवीस तास सपाट झोपवले. मुलाला हे आधी सांगितलेले होते, म्हणून बाहेर आल्यावर सर्जनने ‘आवरणाला चीर गेली, शिवली आहे’ म्हटले तेव्हा त्याने विचारला तो योग्य प्रश्न: ‘डॉक्टर, डोकेदुखी आली तर कधी कळवायचे?’

दुसऱ्या दिवशी उठवले, चालवले. लघवीची नळी काढल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामे होते का ते सोनोग्राफीने पाहिले. साखर इन्सुलिनने १४० ते १८० मध्ये ठेवली. चौथ्या दिवशी घरी.

घरी गेल्यावर

बार्शीपर्यंतच्या प्रवासात दर पाऊण तासाने गाडी थांबवून दोन मिनिटे चालणे. तिसऱ्या ते दहाव्या दिवसात पायात पुन्हा कळ आली. मोकळी झालेली नस सुजते, तेव्हा असे होते. आधी सांगितले नसेल तर घरचे घाबरून रात्रीत रुग्णालय गाठतात. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी दिले, दुखेपर्यंत वाट पाहिली नाही. बद्धकोष्ठासाठी पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि पाणी.

पट्टा नाही, अंथरुणावर पडून राहणेही नाही. दिवसातून चार-पाच वेळा घरात-अंगणात फिरणे. एका जागी बसणे अर्ध्या तासापर्यंत. सहा आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचे नाही. भरलेली कळशीसुद्धा याच्या कितीतरी पलीकडे जाते आणि घरात मोडला जातो तो नेमका हाच नियम, कारण सून शेतात गेली की पाणी भरायला दुसरे कोणी नसते. पाणी कोण भरणार हे शस्त्रक्रियेआधी ठरवायचे असते. या घरी शेजारच्या पुतण्याने ते अंगावर घेतले. मोटारसायकलवर मागे बसणे सहा आठवडे बंद.

टाके चौदाव्या दिवशी निघाले. फोन करायच्या खुणा भिंतीवर कागदावर चिकटवल्या होत्या: ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर, जखमेतून पाण्यासारखा स्राव, बसल्यावर उठणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी, लघवी न होणे, पायात नवी कमजोरी, एका पोटरीला सूज. जखमेचा जंतुसंसर्ग बहुधा दोन ते चार आठवड्यांत डोके काढतो, टाके निघाले म्हणजे धोका टळला असे नाही.

सहा महिन्यांनी बाई न थांबता दीड किलोमीटर चालत होत्या. उजव्या अंगठ्याची ताकद जवळजवळ पूर्ण आली. कंबर सकाळी आखडते ती अजून आखडतेच, तळपायांची आग थोडी कमी पण आहे. स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करून बंद झाली, हाडांसाठी औषध सुरू आहे. वर्षातून एकदा उभे राहून एक्स-रे काढायचा आहे, मणका आणखी सरकला तर जोडणीचा विचार तेव्हा होईल.

शस्त्रक्रियेची टिपणी, आधीचा एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड मुलाने मागून घेतले. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ज्यांना स्क्रू बसवले आहेत त्यांनी इम्प्लांटचे स्टिकरही घ्यावेत, पुढे कधी ते काढायची वेळ आली तर कोणत्या कंपनीचा पाना लागेल ते त्यावरूनच कळते.